मध्यमा झाल्यावर पुन्हा भूप: गुरू, नम्रता आणि इतरांकडून घेणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते चाळिशीत आहेत, नोकरी सांभाळून शास्त्रीय गायन शिकतात आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण ही परीक्षा उत्तीर्ण झाले आहेत. बदलीमुळे गाव बदलले, गुरू बदलले, आणि नव्या गुरुजींनी त्यांना थेट भूप या सुरुवातीच्या रागावर आणून ठेवले. शिवाय तूर्त यूट्यूबवर दुसऱ्या कोणाचाही भूप ऐकू नका, अशी ताकीदही दिली. हे योग्य आहे का, नम्रपणे शिकायचे म्हणजे आजवरची समज गुंडाळून ठेवायची का, आणि एका गुरूकडे शिकत असताना इतरांकडून काही घ्यावे की नाही, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर आधी सांगतो, कारणे नंतर देतो. भूपावर परत आणणे बहुधा योग्यच आहे. ऐकण्यावरची बंदी थोड्या काळापुरती आणि कारण सांगून घातलेली असेल तर पाळावी; कायमची असेल तर पाळू नये. समजेचे म्हणाल तर ती टाकून द्यायची नसते, तालमीत तिची पाळी शेवटी ठेवायची असते: आधी ऐकायचे, मग तसेच म्हणून दाखवायचे, आणि मत त्यानंतर बनवायचे. बरीच वर्षे शिकवल्यावर मला असे वाटू लागले आहे की शिकण्यातली नम्रता स्वभावात कमी आणि कानात जास्त असते. वाकून नमस्कार करणारी, कधी आवाज न चढवणारी कितीतरी मंडळी तालमीला बसली की गुरूचा एक स्वरही आत जाऊ देत नाहीत, आणि तोंडाने फटकळ असलेला एखादा मुलगा दिलेली जागा, म्हणजे स्वरांचे एखादे खास वळण, जशीच्या तशी उचलतो.

भूपच का, हे जरा जवळून पाहू. सा, रे, ग, प, ध एवढेच पाच स्वर असल्यामुळे परीक्षेच्या अभ्यासक्रमात हा राग अगदी सुरुवातीला येतो आणि त्यामुळे तो सोपा आहे असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात हेच पाच स्वर देसकार या रागालाही आहेत. भूपाचा जीव गंधारात, चलन पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, आणि वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. देसकाराचा जीव धैवतात, चलन उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात, आणि वेळ सकाळची. म्हणजे गाणारा धैवतावर जरा जास्त रेंगाळला की भूप गाता गाता देसकार समोर उभा राहतो, आणि उतरताना निषाद-मध्यमाचा पुसटसा स्पर्श झाला की शुद्धकल्याण या रागाची छाया पडते. ‘सा रे ग, प ग, रे सा’ एवढे म्हणण्यात कोणालाच अडचण येत नाही. मात्र पंचमावरून गंधारावर येताना मधली वाट मींडेने, म्हणजे स्वर न तोडता घसरत, कशी भरायची, गंधारावर किती थांबायचे, मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, धैवताला शिवून षड्जावर कसे यायचे, यात सगळा भूप आहे आणि हे वहीत लिहून घेता येत नाही.

आता पुष्कळ राग झालेला विद्यार्थी या तालमीला बसला की काय होते? गुरुजी पंचमावरून सरळ मींड घेऊन गंधारावर येतात आणि थांबतात. विद्यार्थी म्हणून दाखवतो तेव्हा पंचम आणि गंधार सुटे लागतात, कारण त्याचा गळा पेटीवर घडलेला असतो, आणि गंधारावर पोहोचल्या पोहोचल्या तो एक छोटी मुरकी, म्हणजे स्वरांची झटपट गिरकी, घालून मोकळा होतो. गुरुजी पुन्हा तेच म्हणतात, मुरकी पुन्हा येते. विचारले तर तो प्रामाणिकपणे सांगतो, “मी तुम्ही म्हणालात तसेच म्हटले.” तो खोटे बोलत नसतो, त्याला ती मुरकी ऐकूच आलेली नसते, कारण ती त्याच्या गळ्यात आधीपासून बसलेली आहे आणि गुरूच्या स्वराकडे त्याचे लक्ष पहिल्या क्षणापुरतेच होते. उरलेल्या वेळात तो ‘हे मला येते’ या खात्रीने गात होता. नवशिक्याला ही अडचण नसते. म्हणूनच जाणता गुरू नवा राग देण्याऐवजी येणाऱ्या रागाकडे परत नेतो: नव्या रागात विद्यार्थ्याचे सगळे लक्ष स्वर लक्षात ठेवण्यात जाते, ओळखीच्या रागात मात्र ऐकणे कुठे थांबते ते लगेच उघडे पडते.

परीक्षांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्यांनी 1931 साली मंडळ उभे केले आणि घराणेदार गुरू मिळण्याचे भाग्य नसलेल्या असंख्य लोकांना, विशेषतः लहान गावांतल्या मुलींना, गाण्याचा रस्ता मोकळा करून दिला. परीक्षा रागांचा नकाशा हातात देते आणि तो हवाच. पण वर्षभरात इतके राग तयार करायचे म्हटल्यावर प्रत्येकाला मिळणारा वेळ थोडाच असणार, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर तो राग ‘झाला’ असे वाटणेही साहजिकच आहे.

ज्यांचे पुष्कळ काही झाले होते त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. भास्करबुवा बखले (1869–1922) यांनी बडोद्याला फैज महंमद खाँकडे ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतली, नंतर आग्रा घराण्याच्या नत्थनखाँकडे शिकले, आणि स्वतःचे नाव झाल्यावरही जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँचे शिष्यत्व पत्करले. पुण्यातल्या भारत गायन समाजाचे संस्थापक, बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांचे गुरू, असा हा माणूस शिष्याच्या जागी बसायला कधी कचरला नाही. मल्लिकार्जुन मन्सूर (1910–1992) यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरचा पाया पक्का झालेला, ध्वनिमुद्रिका निघालेल्या, मैफली सुरू. आणि अशा वेळी ते अल्लादिया खाँचे चिरंजीव मंजीखाँ यांच्याकडे जयपूरची गायकी शिकायला बसले. मंजीखाँ 1937 मध्ये गेले, तेव्हा त्यांचे बंधू भूर्जीखाँ यांच्याकडे त्यांनी तीच वाट पुढे चालू ठेवली. गजाननबुवा जोशींनी वडील अंतुबुवांकडून ग्वाल्हेर घेतले आणि पुढे रामकृष्णबुवा वझे, भूर्जीखाँ, विलायत हुसेन खाँ यांच्याकडूनही घेतले, तेही गाणे आणि व्हायोलिन या दोन्हींत नाव मिळवल्यानंतर.

या तिघांच्या उदाहरणांतून ‘कितीही मोठे झालात तरी शिकत राहा’ एवढेच काढले तर फार थोडे हाती लागते. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. तिघांचाही पाया एका ठिकाणी, ग्वाल्हेरच्या पद्धतीत, दीर्घकाळ घडलेला होता. बंदिशीची अस्ताई-अंतरा, म्हणजे तिचा पहिला आणि दुसरा भाग, स्वच्छ मांडणे, लयीत राहणे, आवाज मोकळा लावणे हे आधी गळ्यावर चढले होते. त्यामुळे जयपूरची पेचदार आलापी किंवा आग्र्याची लयकारी घेताना काय आपले आणि काय नवे, हे त्यांना कळत होते. पाया न होता चार ठिकाणची फुले वेचणाऱ्याच्या गाण्यात मला नेहमी एक प्रकारची धांदल दिसते: आलाप एका घराण्याचा, तान दुसऱ्याची, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोणाचीच नाही.

नम्रतेचा अर्थ समोरच्याचे सगळे मान्य करणे असाही नव्हे, आणि याचे सर्वांत चांगले उदाहरण विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांचे आहे. हे मुंबईचे, वकिलीचे शिक्षण घेतलेले. उस्तादांच्या शास्त्राच्या अज्ञानावर त्यांनी इतके कडक लिहिले आहे की त्यांना विनयशील म्हणायला कोणी धजणार नाही. तरीही त्यांनी चिजांसाठी, म्हणजे बंदिशींसाठी, देशभर प्रवास केला, जयपूरच्या मनरंग परंपरेतल्या महंमद अली खाँकडून बंदिशी घेतल्या, रामपूरच्या वजीरखाँचे शिष्यत्व घेतले, आणि जे गोळा केले ते क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत सर्वांसाठी खुले केले. कोणाला काय येते आणि काय येत नाही, याचा त्यांचा हिशेब चोख होता; शास्त्र येत नाही म्हणून त्या उस्तादाची चीज कमी प्रतीची, असे त्यांनी मानले नाही. शिकणाऱ्याने हा हिशेब स्वतःबद्दलही तितकाच चोख ठेवावा. ‘मला काहीच येत नाही’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला शिकवणे अवघड जाते, कारण ते खरे नसते आणि नेमके काय येत नाही ते त्याने पाहिलेलेच नसते.

आता गुरूकडे वळू, कारण अर्धी जबाबदारी त्याची आहे आणि प्रश्नांत ती बहुधा वगळली जाते. चांगला गुरू शिष्याला एका वेळी तेवढेच देतो जेवढे त्याला परत म्हणून दाखवता येईल. ‘चुकले’ एवढ्यावर न थांबता कुठे चुकले ते दाखवतो: स्वर उतरला, की थांबणे कमी पडले, की कण, म्हणजे शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श, राहिला. आणि तो शिष्याच्या आवाजात शिकवतो. ही शेवटची गोष्ट दिसते तितकी साधी नाही. पुरुष गुरू पेटीच्या काळी एक किंवा पांढरी दोन या खालच्या पट्टीत गातात, स्त्रियांचा स्वर साधारणपणे त्याहून वरच्या काळी चार-पाचच्या आसपास असतो. आणि आपल्याला सोयीचे म्हणून गुरूंनी स्वतःच्याच पट्टीत वर्षानुवर्षे गाऊन घेतल्यामुळे मुलींचे आवाज दबलेले मी पाहिले आहेत. अशा ठिकाणी शिष्येची नम्रता तिच्या गळ्याच्या मुळावर येते. तिने “माझी पट्टी ही नाही” असे म्हटले तर तो उद्धटपणा होत नाही.

सवाई गंधर्वांचे शिष्य पाहा. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर: तिघेही किराणा घराण्याचे, तिघांनाही तालीम एका गुरूची, आणि तिघांपैकी कोणाचाही आवाज दुसऱ्यासारखा नाही. गंगूबाईंचा भारदस्त खर्ज आणि दस्तुरांचा मुलायम स्वर एकाच ठिकाणी घडले याचे श्रेय शिकवणाऱ्याला द्यायला हवे. अल्लादिया खाँचेही तसेच. तरुणपणी आमलेट्याच्या दरबारात अतिगायनाने त्यांचा मूळचा आवाज गेला, आणि उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी ती गायकी उचलली. खाँसाहेबांच्या आवाजाची ठेवण मात्र दोघींनीही घेतली नाही. आजकाल गुरूच्या आवाजातला खरखरीतपणा, त्यांचे हातवारे, इतकेच काय पण त्यांचे खाकरणेसुद्धा उचलणारे शिष्य दिसतात. लोक त्याला गुरुभक्ती म्हणतात. मला त्यात ऐकण्याचा आळस दिसतो, कारण वरचे टरफल उचलायला कष्ट पडत नाहीत.

सेवेबद्दलही स्पष्ट बोलतो. भीमसेनजींनी कुंदगोळला गुरूघरी पाणी भरले, रामकृष्णबुवा वझ्यांनी विद्येसाठी ग्वाल्हेर गाठून हाल सोसले, या कथा आपण आदराने सांगतो, आणि सांगाव्यात. मात्र त्या काळी शिष्य गुरूच्या घरातच राहत असे, शिकवणीची फी देण्याची ऐपत नसे, आणि घरकाम हा राहण्या-जेवण्याचा मोबदला असे. शिवाय चोवीस तास घरात असल्यामुळे गुरूचा सकाळचा खर्ज, दुसऱ्या शिष्याची तालीम, रात्रीच्या गप्पांतली एखादी अडलेली चीज, हे सगळे कानावर पडत असे. खरी विद्या पुष्कळशी त्या वावरात मिळे, पाण्याच्या घागरीत ती नव्हती. आज महिन्याची फी घेऊन वर घरची कामे सांगणारा, आणि तालीम विचारली की ‘अजून तुझी पात्रता नाही’ म्हणणारा गुरू त्या परंपरेचा वारस ठरत नाही. विद्या लपवून ठेवण्याची, अस्ताई सांगून अंतरा राखून ठेवण्याची वाईट सवयही त्याच परंपरेत होती, आणि तिच्यामुळे कितीतरी चिजा माणसांबरोबर गेल्या. परंपरेतले ऐकणे घ्यावे. ही सवय घेण्याचे कारण नाही.

ऐकण्याच्या बंदीकडे येतो. तुमच्या गुरुजींचे कारण मी ओळखू शकतो. भूपाचा एक आकार गळ्यात बसत असताना तुम्ही रोज संध्याकाळी चार घराण्यांचे चार भूप ऐकलेत, तर किराण्याची एकेका स्वराची संथ बढत, आग्र्याचे नोमतोम (अर्थहीन अक्षरांतली आलापी) आणि बोलबांट (बंदिशीच्या शब्दांची लयीत वाटणी), जयपूरची लयीला चिकटून वळत जाणारी आकाराची आलापी हे सगळे एकाच रागात येऊन आदळते, आणि दुसऱ्या दिवशी तालमीत तुम्ही नकळत कालच्या गायकाला उत्तर देत बसता. म्हणून काही महिने फक्त एकाच पद्धतीचा भूप कानात राहू देणे हा चांगला उपाय आहे. पण ती बंदी भूपापुरती असावी, मुदतीची असावी, आणि गुरूंच्या स्वतःच्या परंपरेतले गायन तिच्यातून वगळलेले असावे. किंबहुना ते तर त्यांनी स्वतःहून ऐकायला सांगावे. इतर सगळे ऐकणेच वर्ज्य, असे एखादा गुरू सांगत असेल तर त्याला बहुधा तुलनेची भीती वाटत असते.

बंदी उठल्यावर ऐकायचे कसे, हेही शिकावे लागते. बहुतेक लोक तानांची वाट पाहत ऐकतात. त्याऐवजी एकच विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल घ्यावा, हातावर ठेका धरावा, आणि पहिल्या दहा मिनिटांत गायक समेवर कोणकोणत्या वाटेने आला, एवढेच पाहावे. ताल एकताल असो वा तिलवाडा, मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा बंदिशीचा तुकडा, कुठून उचलला, तो दर वेळी तसाच होता की किंचित बदलला, आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेरीत, मोकळी जागा किती सोडली, हे टिपावे. दुसऱ्यांदा ऐकताना एकच जागा निवडून ती हुबेहूब म्हणून पाहावी, ध्वनिमुद्रण करावे आणि मूळ गायनाशेजारी ठेवून ऐकावे. हे मोबाइलवर फुकट होते आणि फार बोचते. ती जागा आपल्या गाण्यात लगेच आणू नये. गळ्यात राहिली तर ती आपल्या वेळेला, आपल्या रूपात बाहेर येते.

शिकवण्याची गादी नसलेल्यांकडूनही शिकता येते, आणि इथे विद्यार्थ्यांचा अहंकार सर्वांत जास्त आडवा येतो. तबलजीला लयीबद्दल विचारायला शास्त्रीय गायनाच्या विद्यार्थ्यांना का कोण जाणे, कमीपणा वाटतो. वास्तविक विलंबित लय कुठे ढिली पडते ते त्याला पहिल्या आवर्तनात कळलेले असते. शेजारी बसलेल्या लहान मुलीची तालीम ऐका: तिला सांगितलेली दुरुस्ती अनेकदा तुमच्याही गळ्याची असते, आणि ती दुसऱ्याला सांगितलेली असल्यामुळे न दुखावता ऐकता येते. तानपुरा जुळवण्याचे काम कोणी टाळत असेल तर ते मागून घ्या. पंचमाची आणि खर्जाची तार षड्जाच्या जोडीशी मिळवता मिळवता जो कान तयार होतो तो इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचे बटण दाबून होत नाही, आणि गुरूंच्या मागे तानपुऱ्यावर बसलेल्याला मैफल आतून दिसते. कुमार गंधर्वांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे: बी. आर. देवधरांकडे घडलेला, लहानपणीच कीर्ती मिळवलेला हा गायक 1948 मध्ये क्षयामुळे देवासला गेला, तिथे अंथरुणाला खिळला, आणि माळव्यातल्या लोकांच्या गळ्यातल्या धुनांकडे त्याने अभ्यासकाच्या बारकाईने कान दिला. त्या धुनांतून त्यांनी पुढे नवे राग बांधले. गाणाऱ्या त्या माणसांना रागाचे नावही ठाऊक नव्हते.

तुमच्या जागी मी असेन तर पुढील दोन-तीन महिने गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे भूपच करेन. प्रश्न विचारण्याबद्दल संकोच बाळगू नका, फक्त वेळ सांभाळा: जागा दिल्याबरोबर ‘आमच्या आधीच्या सरांनी असे सांगितले होते’ म्हणू नका. ती जागा आठवडाभर त्यांच्या पद्धतीने घोटा, नीट म्हणून दाखवा, आणि मग दोन्ही रूपे गाऊन विचारा की दोहोंत फरक कशामुळे आहे. गाऊन विचारलेल्या प्रश्नाला गायक क्वचितच चिडतो. आधीच्या गुरूंबद्दल वाईट बोलण्याचा मोहही टाळा. त्यांच्यामुळेच तर तुम्ही इथवर आलात, आणि नवे गुरुजीही ते ऐकून मनात नोंद घेतात.

या काळानंतर तीन गोष्टी तपासा. पंचमावरून गंधारावर येणे पूर्वीपेक्षा वेगळे ऐकू येते आहे का. गुरुजी तुमच्या पट्टीत शिकवतात का. आणि तुम्ही गाऊन विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी एकदा तरी गाऊन उत्तर दिले का. तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर भूप आणखी वर्षभर चालला तरी तक्रार करू नका. पट्टीचे उत्तर नकारार्थी असेल तर आधी बोलून पाहा. प्रश्नाचे उत्तर मात्र दर वेळी गप्प बसवण्यातच संपत असेल, तर नमस्कार करून निरोप घ्या आणि नव्या ठिकाणी पुन्हा भूपापासूनच सुरू करायची तयारी ठेवा.